बदकाच्या डोळ्याचा नंबर

साहेब, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायलासुद्धा तोंड उघडावं लागतं, आणि तुम्ही तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत. तुमची माणसं पांढरे पोशाख घालून आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात आली. मेलेलं बदक पिशवीत घालून घेऊन गेली. जिवंत बदकाच्या घशात एक आणि शेपटीखाली एक अशा काड्या फिरवून त्या बाटल्यांत बुडवून घेऊन गेली. अंगणाला पिवळी पट्टी बांधली आणि "अहवाल आला की कळवू" असं सांगून गेली. त्या पट्टीचा रंग उन्हाने उडून ती आता तुमच्या माणसांच्या पोशाखाइतकी पांढरी झाली आहे. अहवाल नाही. तुमच्या पशुखात्याच्या ऑफिसात फोन केला की समोरचा विचारतो, "कुठलं बदक?" जणू मी बदकांची फौज बाळगून आहे आणि त्यातला कोणता शिपाई पडला तेच मला आठवत नाही.

म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. फोन मध्येच ठेवून देता येतो, कागदाला ती सोय नाही.

मी चष्मे बनवतो. डॉक्टर नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, समोरचा तक्ता वाचायला लावतो, नंबर काढतो, मग मागच्या खोलीत बसून काचा घासतो. शाळेचं आणि माझं लवकरच बिनसलं. पुढचं जे काही शिकलो ते वाचून शिकलो, आणि वाचून मिळालेली विद्या कशी असते तुम्हाला सांगतो. ती अर्धी असते आणि माणूस ती पूर्ण आवाजात सांगतो.

तशीच एक अर्धी विद्या मी इमारतीच्या सभेत सांगितली. मागच्या अंगणात गोगलगायी झाल्या होत्या. तळमजल्याच्या काकूंनी लावलेलं एकही झाड पानानिशी उभं राहत नव्हतं. सेक्रेटरींनी विषय मांडला, कोणी मीठ टाका म्हणालं, कोणी विष टाका म्हणालं, आणि मी म्हणालो, "बदकं आणा. बदकं गोगलगायी खातात."

सभेत एखाद्याने काही सुचवलं की ते काम त्याच्याच गळ्यात पडतं, हा नियम कुठेही लिहिलेला नाही आणि कधीही मोडत नाही. "मग तुम्हीच आणा," असं सेक्रेटरी म्हणाले आणि चहा आला.

त्यानंतर जो सल्ल्यांचा पाऊस पडला त्यात बदकं सुखाने पोहली असती. काकू म्हणाल्या, एक आणू नका, एकटं झुरतं. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळं माहीत असतं म्हणून आम्ही त्यांना सर्वज्ञ म्हणतो. ते म्हणाले, नर आणू नका, आवाज कमी पण उद्योग फार. (हे पुढे खरं निघालं. आवाज मादीच करते. माझ्या बायकोने हे वाक्य ऐकून माझ्याकडे बघितलं, पण मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.) सेक्रेटरी म्हणाले, बदकं आणा पण त्यांना सभासदत्व मिळणार नाही. पोहायला पाणी हवं, म्हणून सर्वज्ञांनी न्हाणीघर नवं केलं तेव्हा काढलेला जुना टब आम्ही जिन्यातून खाली उतरवला. तो टब इतके दिवस जिन्यात उभा होता की येणारे-जाणारे त्याला वडीलधाऱ्यासारखा वळसा घालून जात. अंगणात खड्डा खणून टब पुरला, त्यात पाणी भरलं, आणि दोन मादी बदकं आणली. एक पांढरी, एक तपकिरी.

त्यांची नावं नानांनी ठेवली.

नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी रस्त्याचा रोलर चालवला. सासूबाई गेल्या, तसे ते आमच्याकडे आले, आणि येताना झोप तिकडेच विसरून आले. रात्रभर खुर्चीत बसून असायचे. दिवसाही डोळा लागायचा नाही. टीव्हीवरची माणसं त्यांना फार पळणारी वाटायची. रस्त्यावरच्या गाड्या बघून म्हणायचे, "एवढ्या घाईने कुठे जातात? रस्ता तर तिथेच असतो." औषधं झाली, तेल झालं, पायाला मालिश झालं. माणूस जागाच.

बदकं आली त्या दिवशी नाना खाली उतरले आणि टबाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. पांढरी पुढे चालत होती, तपकिरी तिच्या मागे, दोघी डुलत, सावकाश, आपण चाललो तिथला रस्ता सपाट होतोय की नाही हे बघत असल्यासारख्या. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, ही माझ्या वेगाची माणसं आहेत."

पांढरीचं नाव त्यांनी ठेवलं पुढची आणि तपकिरीचं मागची. रोलरच्या चाकांची नावं होती ती. पुढचं चाक दिशा दाखवतं, मागचं वजन टाकतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

साहेब, त्या दुपारी तुम्ही बघायला हव्या होत्या. ऊन भिंतीवरून सरकत खाली यायचं आणि टबात उतरायचं. पाण्यावर त्याचे कवडसे पडायचे, ते वर काकूंच्या खिडकीच्या सज्ज्यावर थरथरत राहायचे. दोघी पाण्यात काही न करता नुसत्या असायच्या. मधूनच चोच बुडवून वर काढायच्या, आणि थेंब पाठीवरून घरंगळून जायचे, जराही ओलं न करता. त्या आवाजात नाना झोपायचे. मान छातीवर, हात मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझी बायको वरच्या गॅलरीतून बघायची आणि तिच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहायचा, वाळत घालायचं तिला सुचायचं नाही. गोगलगायी किती खाल्ल्या गेल्या हे विचारायची कोणाला आठवण राहिली नाही. सेक्रेटरींनासुद्धा नाही, आणि ते लिफ्टच्या बल्बची आठवण झोपेत ठेवतात.

मग पाहुणा आला.

थंडीची सकाळ होती, धुकं इतकं की अंगणाची भिंत दिसत नव्हती. आकाशातून आवाज येत होते, उंचावरून, खूप पक्षी कुठूनतरी कुठेतरी चालले होते. आणि त्यातला एक खाली आला. धुक्यातून आधी पंखांचा आवाज, मग पाण्याचा, मग तो. हिरवंगार चमकणारं डोकं, गळ्यात पांढरी रेघ, अंगावर राखाडी कोट. कोणी टाचणीने जागेवर खोचल्यासारखा तो टबात बसला. पुढची आणि मागची दोघी कडेला येऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. अर्धी इमारत गॅलरीत गोळा झाली होती. काकूंच्या हातात फडकं होतं, त्या ते पदरासारखं डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "बाहेरच्यांनी गेटवर नोंद करायची असते."

पाहुणा पाणी प्यायला, पाण्यात जे करायचं ते त्याने केलं, पुढचीच्या शेजारी जरा वेळ तरंगला, आणि धुकं विरळ झालं तसा उडून गेला. नाना म्हणाले, "काय देखणा होता." आम्हा सगळ्यांना त्या दिवशी आपण काहीतरी चांगलं वागलो असणार असं वाटत होतं.

काही दिवसांनी पुढचीने मान वाकडी केली.

इथे माझी चूक सुरू होते, आणि ती माझ्या धंद्यातून आली. आमच्या दुकानात जो माणूस मान वाकडी करून तक्ता वाचतो, त्याला बहुतेक तिरका नंबर असतो. काच फिरवून लावली की मान सरळ होते. माझ्या डोळ्यांसमोर अशा कितीतरी माना सरळ झाल्या आहेत. नाना म्हणाले, "अहो, बदकं मान वाकडी करतातच. डोळे बाजूला असतात त्यांचे. वर आकाशात बघायचं तर एक डोळा वर करावा लागतो." पण पुढची आकाशात बघत नव्हती. ती गोल गोल फिरत होती, एकाच जागेभोवती, आणि तिच्या उजव्या डोळ्यावर निळसर दुधाळ पडदा आला होता.

"मोतीबिंदू," मी म्हणालो. पूर्ण आवाजात.

सर्वज्ञ वरून म्हणाले, "मला वाटतं बर्ड फ्लू आहे."

"तुम्हाला गेल्या वर्षी पाण्याचा पंप बिघडला तेव्हाही भूकंप वाटला होता," मी म्हणालो.

मी दुकानातून छोटा टॉर्च आणि भिंगांची पेटी आणली. पुढचीला मांडीवर घेतलं, तिचं डोकं हातात धरलं आणि डोळ्यात उजेड टाकून बघितलं. एवढ्या जवळून की तिच्या डोळ्यात मला माझं नाक दिसत होतं. एकेक भिंग डोळ्यापुढे धरून पाहिलं. बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, तिला तक्ता पण दाखवा. खालची ओळ वाचता येत नसेल बिचारीला."

"तुला यातलं काही कळत नाही."

"तिला कळतं का ते बघा आधी."

पुढची माझ्या तोंडावर शिंकली. मी बाहीने तोंड पुसलं, डोळेही त्याच बाहीने पुसले आणि म्हणालो, "बहुतेक डाव्या डोळ्याला काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टबाच्या कडेला पडलेली होती. मान पाठीवर उलटी गेलेली. मागची तिच्या मागे उभी होती, नेहमीच्या अंतरावर, ती उठून चालायला लागण्याची वाट बघत.

नानांनी पुढे होऊन हात लांब केला. कशामुळे कोण जाणे, मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी सर्वज्ञांचं निदान मानलं ते तेव्हा.

आता तुमच्या खात्याची गोष्ट, साहेब. मी फोन केला.

"किती पक्षी मेले?" तुमचा माणूस.

"एक."

"एक मेला तर आम्ही येत नाही. साथ असली पाहिजे."

"एकच उरलं आहे. ते मेलं की साथ धरायची का?"

"तुम्ही असं करा, नगरपालिकेला कळवा. मेलेलं जनावर उचलायचं काम त्यांचं."

नगरपालिकेतल्या बाईंनी विचारलं, ओल्या कचऱ्यात की सुक्या. मी म्हणालो, ते मला ठरवता आलं असतं तर फोन कशाला केला असता. त्यांनी विचारलं, आजारी होतं का. मी म्हणालो, असावं, एक रानटी बदक येऊन गेलं होतं. "रानटी? मग ते वनखात्याचं." वनखात्याचा माणूस चांगला होता. त्याने मला पाहुण्याचं वर्णन सांगायला लावलं, मध्येच म्हणाला, "वा," आणि शेवटी म्हणाला, "ते उडून गेलं ना, मग आमचा प्रश्न नाही."

म्हणजे साहेब, एका टबाएवढ्या पाण्यात तीन सरकारं. पाहुणा वनखात्याचा, पुढची आधी पशुखात्याची आणि मेल्यावर नगरपालिकेची. आणि ज्याच्या तोंडावर ती शिंकली तो कोणाचा, हे विचारायचं तोवर कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

शेवटी सर्वज्ञांनी कुठल्याशा वर्तमानपत्राला कळवू अशी धमकी दिली, आणि दुपारी तुमची गाडी आली.

तुमच्यातल्या एका माणसाशी माझं भांडण नाही, ती पशुवैद्य बाई. पोशाखात ती चंद्रावर निघाल्यासारखी दिसत होती, पण बोलायची माणसासारखी. आम्ही सगळे पट्टीबाहेर उभे होतो.

"पक्षी कोणी हाताळला?"

"मी."

"हातमोजे, मास्क?"

"नाही."

"चेहरा किती जवळ होता?"

"नंबर काढायला जेवढं जवळ जावं लागतं तेवढा."

तिचं लिहिणं थांबलं. "कसला नंबर?"

"डोळ्याचा."

तिने क्षणभर डोळे मिटून घेतले. तिचा पोशाखावरचा चष्मा आतून धुकटला होता तरी मला दिसलं. मग ती शांतपणे म्हणाली, "काका, तो मोतीबिंदू नव्हता. बर्ड फ्लू झालेल्या बदकांच्या डोळ्यावर कधीकधी असा पडदा येतो. विषाणू मेंदूपर्यंत पोचला की मान वाकडी होते, तोल जातो, गोल फिरतात. दुसऱ्या कशानेही असं होऊ शकतं. तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही."

"आणि ही?" नानांनी मागचीकडे बोट केलं. "ही ठणठणीत आहे. दाणे खाते, पोहते."

"तीच अडचण आहे, आजोबा. कोंबड्यांत शिरला तर त्या पटापट मरतात, लगेच कळतं. बदक पुष्कळदा काही दाखवतच नाही. खातं, पितं, पोहतं आणि विष्ठेतून, लाळेतून पाण्यात विषाणू सोडत राहतं. रानटी बदकं तर तो घेऊन देशच्या देश ओलांडतात आणि त्यांना शिंकही येत नाही."

नानांनी मागचीकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मेलेलीवर विश्वास ठेवायचा आणि जिवंत आहे तिच्यावर संशय घ्यायचा."

"अहवाल येईपर्यंत," ती म्हणाली.

तिचा हा शब्द लक्षात ठेवा, साहेब.

काकूंनी विचारलं की त्यांनी दोघींची अंडी खाल्ली आहेत, आता काय. पूर्ण शिजवली होती का, तिने विचारलं. काकू म्हणाल्या, दगडासारखी. मग काही होत नाही, ती म्हणाली, पण आता खाऊ नका. सर्वज्ञांनी विचारलं, "माणसाला झाला तर माणूस वाचत नाही म्हणे?"

"माणसाला सहसा होतच नाही. गॅलरीतून बदक बघून तर मुळीच नाही. आजारी पक्ष्याला ज्यांचे हात लागतात, तोंड-डोळे जवळ जातात, त्यांना धोका असतो. झाला तर मात्र जड जाऊ शकतो, म्हणून यांच्यावर लक्ष ठेवायचं. ताप, खोकला, डोळे लाल होणं. माणसाकडून माणसाला क्वचितच जातो."

'क्वचितच' ऐकल्याबरोबर सेक्रेटरी जिन्याच्या दोन पायऱ्या वर चढले. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, "फोन आलाय वाटतं."

संध्याकाळी माझे डोळे लाल झाले, रात्री ताप भरला.

मला घरातल्या मागच्या खोलीत ठेवलं. दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवलं जायचं, बायको लांबून आवाज द्यायची आणि मी दार उघडेपर्यंत पॅसेजच्या टोकाला जाऊन उभी राहायची. पदर नाकावर. "घसा दुखतो का हो?" मी नाही म्हणालो की विचारायची, "मग आवाज असा का येतोय?" मास्कमधून येतोय म्हणून, मी सांगायचो. ती जायची नाही. पॅसेजच्या टोकाला जमिनीवर बसून भाजी निवडायची आणि माझ्याशी काहीबाही बोलत राहायची, काकूंची झाडं, गॅसची टाकी. आरोग्यखात्याचा माणूस येऊन माझ्या घशात आणि नाकात काडी फिरवून गेला. तशीच काडी, तशीच बाटली. मी त्याला म्हणालो, मागचीच्या शेपटीखाली पण घातली होती. तो म्हणाला, "तुमच्या बाबतीत गरज नाही." एवढाच मान राहिला होता माझा, आणि मी त्याबद्दल आभार मानले.

तापात रात्र आणि दुपार एक झाली. खोलीच्या खिडकीतून टब दिसायचा. त्यावरचे कवडसे आता माझ्या छतावर यायचे आणि मी त्यांच्याखाली पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा पडून असायचो. दुकान दिसायचं. दुकानात गुडघ्यापर्यंत पाणी, आणि गिऱ्हाइकं रांगेने तरंगत आत येतायत, सगळी बदकं, कोणी घाई करत नाही. खुर्चीत पुढची. मी भिंग धरतो, विचारतो, आता कसं दिसतंय? ती म्हणते, आधी होतं तसंच, पण बरं वाटतं. तक्त्यावरची अक्षरं सुटून पाण्यावर उतरतात आणि एकामागून एक दाराबाहेर वाहत जातात. गल्ल्यावर पाहुणा बसलेला, राखाडी कोट घालून, माझंच वर्तमानपत्र वाचतोय. मग तुम्ही येता, साहेब. तुम्हाला मी कधी बघितलेलं नाही, पण तुम्हीच ते, कारण तुम्ही रांगेत उभे राहत नाही. मी तुम्हाला खुर्चीत बसवतो आणि तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दाखवतो. तुम्ही म्हणता, "कुठलं अक्षर?"

ताप उतरला. माझा अहवाल आला, आणि तो किती लवकर आला हे तुमच्या कानावर घालावं म्हणूनच सांगतो. फ्लू नव्हता, ना बदकाचा ना माणसाचा. साधा ताप होता, आणि डोळे बाहीच्या मळाने आले होते. बायकोने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता पुन्हा जनावरांचे नंबर काढायचे नाहीत." मग ती आत जाऊन बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

तेव्हापासून मागची पट्टीच्या आत एकटी आहे. तुमचा हुकूम असा की तिला मारायचं नाही, सोडायचं नाही, आणि माझ्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. मी रेनकोट, रबरी हातमोजे, मास्क आणि पोहायचा चष्मा घालून तिला दाणे घालतो, पाणी बदलतो, बाहेर येऊन बूट धुतो, साबणाने हात धुतो. मुलं गॅलरीतून मला अंतराळवीर म्हणतात. सेक्रेटरींनी गेटवर सूचना लावली आहे, 'अंगणातील पक्ष्याबाबत संबंधितांशी संपर्क साधावा', आणि संबंधित म्हणजे मी. गोगलगायी परत आल्या आहेत. काकू मला कुंडी उचलून दाखवतात.

आणि नाना पुन्हा जागे आहेत.

एका दुपारी ते जिना उतरून पट्टीपाशी गेले. मी मागून धावलो. त्यांनी पट्टी हाताने उचलून धरली होती, वाकायच्या बेतात होते.

"नाना, नको."

"जावईबापू, नुसता बसतो कडेला. हात नाही लावत."

"कडेला पण नको. तुमचं वय आहे."

"तेच म्हणतोय. या वयात मला काय व्हायचं राहिलंय?"

"मग हिला काय सांगू?" मी वर बोट केलं. गॅलरीत बायको कठडा घट्ट धरून उभी होती. नानांनी वर बघितलं. लेकीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग पट्टी खाली सोडली आणि ती नीट सरळ केली, रस्त्याच्या कामावर लावतात तशी.

"ती आता कोणाच्या मागे चालणार?" एवढंच ते म्हणाले. मी वाचलेल्या कशातही हे नव्हतं.

तेव्हापासून ते गॅलरीत बसतात. पण नानांचा चष्मा फक्त वाचण्यापुरता होता. वरून त्यांना टब म्हणजे एक पांढरा डाग दिसायचा आणि मागची तर दिसायचीच नाही. "आहे का ती?" असं ते दर थोड्या वेळाने विचारायचे. मी त्यांना दुकानात नेलं. खुर्चीत बसवलं. साहेब, मी हयातीत हजारो नंबर काढले, पण असा कधी काढला नव्हता. तक्ता लावलाच नाही. आमच्या गॅलरीपासून टबापर्यंतचं अंतर दोरीने मोजून आणलं होतं, तेवढ्याच अंतरावर रस्त्यापलीकडच्या भिंतीला एक तपकिरी कागद चिकटवला आणि तो स्वच्छ दिसेपर्यंत भिंगं बदलत राहिलो. काचा स्वतः घासल्या, दोनदा.

आता नाना तो चष्मा लावून बसतात. वाचता येत नाही, जेवताना ताट दिसत नाही, पण मागची दिसते. तिचं पिसन् पीस दिसतं म्हणतात. पहिल्याच दुपारी ऊन टबात उतरलं, कवडसे सज्ज्यावर आले, आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मागची टबाबाहेर आली, अंगणाच्या मध्यावर थांबली. आणि तिने मान वाकडी केली. एका बाजूला, हळूच, आणि तशीच ठेवली.

मी कठड्यावरून पुढे वाकलो. नाना मात्र हसले. "बघा," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं ना. डोळे बाजूला असतात. वर बघायचं तर असंच बघावं लागतं." आणि त्यांनी हात वर केला, तिला दिसावा म्हणून. थोड्या वेळाने त्यांची मान छातीवर आली, डोळा लागला.

तुमच्याकडे दोन बाटल्या आहेत, साहेब. त्यांत जे असेल ते सांगा. वाईट असेल तर मी तिला स्वतः उचलून तुमच्या गाडीत ठेवीन, आणि नानांना तसं सांगायचं काम माझं, तुमचं नाही. चांगलं असेल तर ही पट्टी मी कापतो आणि खुर्ची खाली नेतो. पण रोज दुपारी ती मान वाकडी करते, आणि मी, ज्याने जन्मभर वाकड्या माना बघितल्या, तिच्याकडे बघत उभा राहतो आणि मला काही कळत नाही. ती आजारी आहे, की ती वर नानांकडे बघते आहे?

याचं उत्तर द्या.